हार्टचं शिबिर घेतलं, गावाला सगळं पाठ झालं, तरी सवयी तशाच. आता काय करायचं?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गाव साडेतीन हजार वस्तीचं, दीड वर्षात पन्नाशीच्या आतले तीन जण अचानक गेले, म्हणून मंडळानं गणपतीत डीजेचा खर्च वाचवून हार्टचं शिबिर घेतलं. शहरातून मोठे डॉक्टर आले, तासभर भाषण झालं, १८६ लोकांचं बीपी तपासलं, पत्रकं वाटली, प्रश्नमंजुषा पण घेतली. आता वर्षानं तुम्ही घरोघर फिरून विचारलं तर सगळ्यांना तोंडपाठ आहे, मीठ कमी खा, तेल कमी खा, तंबाखू सोडा, रोज चाला, पण करत कोणीच नाही. यंदा साठ हजार जमलेत आणि मंडळात दोन मतं पडलीत, काही म्हणतात सगळ्यांचा ईसीजी आणि कोलेस्टेरॉल करू, काही म्हणतात अजून मोठा डॉक्टर आणू. शेवटी वडिलांबद्दल एक ओळ लिहिलीय तुम्ही, त्याच्यावर मी पण शेवटीच येते.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी नर्स आहे, डॉक्टर नाही. गेली २३ वर्षं सातारा-सांगलीकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या गावांत आरोग्य शिक्षणाचंच काम करते, त्यातली जवळपास १४ वर्षं बीपी, शुगर आणि हार्ट यावरच. त्यामुळं कोकणात किंवा विदर्भात खाणं वेगळं, कामाची पद्धत वेगळी, तिथं मी सांगते ते जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही. तुमच्या गावात उपकेंद्र नीट चालतं का, पीएचसीत म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या मिळतात का, आशाताईंवर किती घरं आहेत, तरुण माणसं गावात राहतात की मुंबई-पुण्याला असतात, या चार गोष्टींवर निम्मं गणित अवलंबून आहे आणि त्या तुम्हीच बघून ठरवायच्या.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही विचारलंय की लोकांना कळलं तरी वळत का नाही. माझं म्हणणं असं की आपण तीन वेगवेगळी कामं एकाच शिबिरात कोंबतो आणि तिन्हींना एकच औषध देतो, ते म्हणजे भाषण. छातीत दुखायला लागलं तर काय करायचं हे एक काम, ते माहितीनं होतं, एकदा नीट कळलं की वेळेला आठवतं. मीठ, तंबाखू, रोजची गोळी हे दुसरं काम, ते माहितीनं होत नाही, तिथं तीच माणसं परत परत भेटावी लागतात. आणि तिसरं काम म्हणजे वस्तू जागेवर असणं, बीपीचं मशीन, गोळ्या, वेळेवर उघडं असलेलं उपकेंद्र. शिबिरातून पहिलं काम थोडंफार होतं, बाकी दोन होत नाहीत, आणि मग आपण म्हणतो लोकच ऐकत नाहीत. लोकांचा यात फारसा दोष नाही हो.

हे मी पुस्तकातनं सांगत नाहीये. साधारण तेरा-चौदा वर्षांपूर्वी आम्ही बारा गावांत असाच कार्यक्रम केला होता, पडद्यावर चित्रं दाखवायची, आधी दहा प्रश्नांचा पेपर, नंतर परत तोच पेपर. मार्क दुप्पट झाले, अहवालात छान दिसलं, सगळे खूश. सहा महिन्यांनी मी त्यातल्याच एका गावात एका बाईंच्या घरी चहाला थांबले, त्यांना दहापैकी दहा मिळालेले, नवऱ्याला बीपी. स्वयंपाक चालू होता आणि भाजीत मीठ पडलं ते मुठीनं. मी काहीच बोलले नाही, त्यांनीच माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाल्या, ताई मला सगळं पटलंय, पण मीठ जरा कमी असलं की मामंजी ताट सरकवतात, मग दिवसभर घरात बोलणं बंद, तुम्ही मला सांगितलं पण मामंजींना कोण सांगणार. त्या दिवशी मला कळलं की आम्ही सहा महिने चुकीच्या माणसाशी बोलत होतो. मीठ टाकणारा हात सुनेचा असतो पण मीठ ठरवणारी जीभ दुसऱ्याचीच असते.

आणि त्याच बारा गावांतला एक माणूस, वय ४४, शिबिरात बीपी १७० च्या वर निघालेलं, आम्ही पत्रक दिलं, डॉक्टरला दाखवा म्हणालो, रजिस्टरला लाल पेनानं गोल केला. दुसऱ्या दिवशी तो टोळीबरोबर ऊसतोडीला गेला. परत कुणीच विचारलं नाही, मी पण नाही. दोन वर्षांनी त्याला अर्धांगवायू झाला. तो लाल गोल मला अजून डोळ्यासमोर दिसतो, म्हणून सांगते, पहिलं काम पैशाचं नाहीच. मागच्या वर्षीचं शिबिराचं रजिस्टर शोधा. १८६ मध्ये ज्यांचा वरचा आकडा १४० किंवा जास्त, नाहीतर खालचा ९० किंवा जास्त होता, अशांची नावं वेगळ्या वहीत उतरवा. साधारण चाळीस-पन्नास निघाली तर नवल वाटून घेऊ नका. हीच तुमची यंदाची माणसं, बाकीचं गाव नंतर.

एकदा जास्त आला म्हणजे बीपी आहेच असं नसतं, हे त्या लोकांना आणि मोजणाऱ्या पोरांना दोघांनाही नीट सांगा. शिबिराच्या गर्दीत, रांगेत उभं राहून, वर तंबाखूचा बार भरलेला, अशात आकडा वाढतोच. माणूस पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून बसला पाहिजे, पाय जमिनीला टेकलेले, एकावर एक नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, मोजताना बोलायचं नाही, आणि पट्टा उघड्या दंडावर, शर्टावरनं नाही. दोनदा मोजायचं, मध्ये एक मिनिट थांबून. वेगळ्या दिवशी परत तसंच. तरी १४०/९० किंवा त्याच्या वर राहिला तर उपकेंद्रात पाठवायचं. आणि १८० च्या वर किंवा खालचा ११० च्या वर दिसला तर वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. सोबत छातीत दुखतंय, दम लागतोय, तोंड वाकडं किंवा हातपाय लुळा पडलाय असं काही असलं तर सरळ १०८.

आता भेटायचं कुठं. तुम्ही लिहिलंय की मिटिंग लावली की लोक येत नाहीत. येणारच नाहीत, त्यांना कामं आहेत. जिथं लोक आधीच जमतात तिथं आपण जायचं. बायकांसाठी बचत गट, महिन्याला मिटिंग होतेच, हप्ता भरायला यावंच लागतं, त्यातली वीस मिनिटं मागून घ्या. पुरुषांसाठी मी बरेच प्रयोग केले, पारावर केलं, तालमीत केलं, सोसायटीत केलं, सगळ्यात चांगलं चाललं ते दूध डेअरीवर. सकाळ-संध्याकाळ तीच माणसं दूध घालायला येतात, किटली ठेवून पाच-दहा मिनिटं उभी असतात. तिथं एक टेबल, दोन खुर्च्या, एक मशीन आणि एक वही, आठवड्यातला एक दिवस ठरवून. सायकल हाणत आलेल्या माणसाला लगेच मोजायचं नाही, आधी बसवायचं, आणि तेवढ्या पाच मिनिटांत जे बोलणं होतं ना ते तासाभराच्या भाषणापेक्षा कामाचं असतं, कारण ते त्याच्याबद्दल असतं. आमच्या एका गावात सलूनवाल्यानं स्वतःहून मशीन मागून घेतलं. अमेरिकेत लॉस एंजेलिसला कृष्णवर्णीय पुरुषांच्या सलूनमध्ये असा अभ्यास झालाय, २०१८ ला छापून आला, ५२ सलून होती, फार्मासिस्ट तिथंच येऊन गोळ्या सुरू करायचा, आणि सहा महिन्यांत वरचा आकडा सरासरी २७ नं उतरला, नुसता सल्ला दिला त्या सलूनमध्ये ९ च्या आसपास. म्हणजे ओळखीच्या जागेचा उपयोग होतोच, पण गोळी तिथपर्यंत पोचली म्हणून एवढा मोठा फरक पडला, हे विसरू नका.

आपल्यासारख्याच गावांतला एक अभ्यास तुमच्या मंडळाला मुद्दाम सांगा. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या ३० ग्रामीण वस्त्या, २६४५ बीपीवाले लोक, दोन वर्षं. आपल्या आशाताईंसारख्या सरकारी कार्यकर्त्या घरी जाऊन बीपी मोजायच्या, घरच्यांशी बोलायच्या, जास्त असेल त्याला ठरलेल्या डॉक्टरकडं पाठवायच्या, आणि त्या डॉक्टरांना पण ट्रेनिंग दिलेलं. २०२० ला निकाल आला, बाकीच्या वस्त्यांपेक्षा वरचा आकडा सरासरी ५ नं जास्त उतरला. पाच ऐकायला कमी वाटतं, पण अख्ख्या गावाचा सरासरी पाच उतरणं म्हणजे पुढच्या काही वर्षांत अटॅक आणि लकवे खरोखर कमी होणं. यात मोठा डॉक्टर कुठंच नव्हता, तीच ताई तीच माणसं परत परत भेटत होती.

आता मीठ, यावर मी जरा जास्त बोलणार कारण इथं गावपातळीवर सगळ्यात जास्त करता येतं आणि सगळ्यात जास्त चुकीचं पण इथंच सांगितलं जातं. माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, साधारण एक सपाट चमचा, आणि आपण त्याच्या दुप्पटीच्या आसपास खातो. पण पाच ग्रॅम म्हटलं की कुणाला काही कळत नाही, घरात कोण वजन करतंय. म्हणून मी पुड्यावर तारीख लिहायला लावते. किलोचा पुडा फोडला की त्याच्यावर पेनानं त्या दिवसाची तारीख घालायची, बस. पाच माणसांच्या घरात माणशी पाच ग्रॅम म्हणजे दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा ४० दिवस गेला पाहिजे. चार माणसं असतील तर ५० दिवस. बचत गटात पहिल्यांदा हे केलं तेव्हा बहुतेकींचा पुडा वीस-बावीस दिवसांत संपत होता आणि त्यांना स्वतःलाच धक्का बसला, मला एक अक्षर बोलावं लागलं नाही. यात लोणच्या-पापडाचं मीठ वेगळं निघतं, गुरांना घालतात ते वजा करावं लागतं, हिशोब तंतोतंत नसतो, पण मागच्या पुड्यापेक्षा हा पुडा चार दिवस जास्त गेला का एवढं तरी कळतं आणि तेवढं पुरतं.

कमी करायचं ते हळूहळू. एकदम निम्मं केलं की ताट सरकणारच. पहिला महिना चौथा हिस्सा कमी, मुठीऐवजी डब्यात एक ठरलेला चमचा ठेवायचा, घरात कुणालाच सांगायचं नाही. जिभेला काही आठवड्यांत सवय होते, मग तेच आधीचं खारट लागायला लागतं. ताट वाढताना कडेला मीठ वाढायची आपली पद्धत आहे, तेवढी बंद केली तरी फरक पडतो. पापड, खारातली मिरची, लोणचं, फरसाण, भडंग, चहासोबतची खारी, हे सगळं एकाच दिवशी नको. मिठातलं बीपी वाढवणारं जे सोडियम, ते पापडखार आणि खायचा सोडा यातही असतं, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. आणि हल्ली सैंधवाचं फार चाललंय, बीपीला चालतं म्हणून दामदुप्पट पैसे देऊन आणतात. दादा, सैंधव पण जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच आहे, बीपीसाठी त्यात काही वेगळं नाही, हे स्पष्ट सांगा. दुकानात लो सोडियम मीठ मिळतं त्यात थोडं पोटॅशियम असतं, चीनमध्ये ६०० खेड्यांत तसं मीठ देऊन लकव्याचं प्रमाण १४ टक्के कमी झालं असा २०२१ चा मोठा अभ्यास आहे, चांगलीच गोष्ट आहे, पण ज्यांची किडनी खराब आहे किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू आहेत त्यांना ते धोक्याचं, म्हणून मंडळानं सरसकट वाटू नका. ज्याला घ्यायचंय त्यानं डॉक्टरला विचारून घ्यावं.

उन्हात राबणारा माणूस म्हणतो, ताई घाम जातो, मीठ नको कसं. त्याचा प्रश्न खरा आहे, त्याला उडवून लावू नका. रोजच्या भाजी-भाकरीतून गरजेपुरतं मीठ मिळतंच, आपण कमी करतोय ते वरचं. पण जुलाब-उलट्या झाल्या, ऊन लागलं, तर ओआरएस द्यायचंच, तेव्हा बीपी आहे म्हणून मीठ नको असं करत बसायचं नाही. आणि म्हाताऱ्या माणसांना, लघवीच्या गोळ्या चालू असलेल्यांना स्वतःच्या मनानं मीठ बंद करायला लावू नका.

शाळा सोडू नका. चीनच्या शान्शी प्रांतात २८ शाळांत पाचवीच्या पोरांना मिठाचे धडे दिले आणि घरी जाऊन सांगायला लावलं, एका सत्रात घरातल्या मोठ्या माणसांचं मीठ दिवसाला जवळपास ३ ग्रॅमनं उतरलं, २०१५ ला छापून आलंय. मला याचं अजिबात आश्चर्य वाटलं नाही, कारण आमच्याकडं मामंजींचं कोडं शेवटी नातीनंच सोडवलं. ती पुड्यावर तारीख लिहायची आणि रोज आजोबांच्या मांडीवर बसून सांगायची आज किती दिवस झाले. सुनेनं सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. एक मात्र, स्पर्धा आणि बक्षीस ठेवू नका. आम्ही एकदा आळी-आळीत लावली होती, तर लोकांनी गुपचूप सुटं मीठ आणलं आणि पुडा तसाच ठेवला.

तेलाचं थोडक्यात, माणशी महिन्याला अर्धा लिटर एवढं लक्षात ठेवा, आणि वडे तळलेलं तेल परत परत वापरू नका. चालण्याचं तर अजून थोडक्यात, दिवसभर खुरपणारीला चालायला जा सांगू नका, तिचा अपमान होतो. जे दुकानात बसतात, गाडीवरच फिरतात, मास्तर आहेत, त्यांना सांगा, आठवड्याला दीडशे मिनिटं.

तंबाखूचं मात्र नीट ऐका. तुमच्या पत्रकावर सिगारेटचं चित्र होतं असं तुम्हीच लिहिलंय. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, आणि ओढणारे होते फक्त ३.८ टक्के. म्हणजे आपली तंबाखू तोंडात आहे, चुना लावून, मावा करून, आणि बायकांची मशेरी. सिगारेटचं चित्र बघून मशेरीवाली आजी म्हणते हे माझ्यासाठी नाहीच, आणि तिचं बरोबर आहे. मशेरी भाजायचा वास घराघरातून येतो पण तिला कुणी व्यसन म्हणत नाही, दात घासते म्हणतात. निकोटिननं नाडी आणि बीपी दोन्ही वाढतं, मग ते धुरातनं जाऊ दे नाहीतर हिरडीतनं. यावर गटात ओरडू नका, कुणालाही नावानं टोकू नका. डेअरीवर मोजताना एवढंच विचारा, सोडायचा विचार आहे का. हो म्हणाला तर तारीख ठरवा, वहीत लिहा, आणि त्या तारखेनंतर दुसऱ्या, सातव्या, तिसाव्या दिवशी विचारा. पहिला आठवडा डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही, हे आधीच सांगून ठेवलं तर माणूस घाबरून परत सुरू करत नाही. तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी सरकारची मोफत क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, तो नंबर मशीनच्या डब्यावर चिकटवून ठेवा. माझ्या अनुभवात दहातले दोन-तीन सुटतात, तेही दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात. तेवढ्यावर खचू नका.

माहितीनं होणारं काम म्हणजे अटॅक ओळखणं, आणि हे तुमच्या मंडळानं सगळ्यात आधी आणि जोरात करावं. तुमच्या गावातल्या गेलेल्या तिघांपैकी दोघे पित्त झालं म्हणून सोडा पिऊन झोपले असं लिहिलंय तुम्ही, हे मी इतक्या घरांत ऐकलंय की आता वाचतानाही पोटात तुटतं. छातीच्या मध्यभागी दाब आल्यासारखं, आवळल्यासारखं, हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, दम लागणं, यातलं काही असलं आणि पाच-दहा मिनिटांत जात नसलं तर पित्त आहे की नाही हे घरी ठरवायचं नाही. बायकांना आणि शुगर असलेल्यांना छातीत न दुखताही होऊ शकतं, नुसता दम, मळमळ, फार थकवा. १०८ लावायची, माणसाला चालवत न्यायचं नाही, गाडीवर मध्ये बसवून तर अजिबात नाही. जवळ ईसीजी कुठं होतो, रात्री कुठं डॉक्टर असतो, तिथला फोन काय, हे आजच शोधून पारावर, डेअरीवर, देवळात रंगवून टाका. आणि मंडळाच्या वीस-पंचवीस पोरांना सीपीआर, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबणं, शिकवून घ्या. माणूस बेशुद्ध, हाकेला ओ नाही, श्वास नाही किंवा नुसता घरघर, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण पाच सेंटीमीटर दाबायचं, गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, दमलं की दुसऱ्यानं घ्यायचं. ढोलपथकातली पोरं याला सगळ्यात चांगली, ठेका धरता येतो आणि दमत नाहीत.

आता ईसीजीचं. सगळ्या गावाचा ईसीजी करू नका. काही त्रास नसलेल्या माणसाचा बसून काढलेला ईसीजी त्या क्षणाचं सांगतो, पुढं अटॅक येणार की नाही हे सांगत नाही. आणि नॉर्मल आला की माणूस कागद घडी करून खिशात ठेवतो आणि म्हणतो मला काही नाही, मग तंबाखू चालू, गोळी बंद. असे कागद मी बऱ्याच घरांत फोटोमागं खोचलेले बघितलेत. ज्याला छातीत त्रास आहे, चढावर दम लागतो, त्याचा जरूर करा, पण डॉक्टरनं सांगितल्यावर. कोलेस्टेरॉल पण ज्यांना बीपी-शुगर आहे, घरात कमी वयात कुणी गेलंय, अशांचं आधी.

साठ हजारातनं चार मशीनं घ्या, दंडाची, मनगटाची नको, एकेक दोन-अडीच हजाराच्या आसपास येतं, आणि जाड दंडासाठी मोठे पट्टे वेगळे घ्या, लहान पट्ट्यानं आकडा जास्त दाखवतो. वह्या, कार्डं, बॅटऱ्या. उरलेले पैसे दर आठवड्याला बसणाऱ्या दोन मुलींच्या मानधनाला ठेवा, वर्षभर पुरतील असे. लोक म्हणतील पैसे दिसत नाहीत, मांडव नाही, बॅनर नाही. म्हणू द्या. गोळ्या विकत घेऊन वाटू नका, ते काम सरकारचं आहे आणि ते होतं, पीएचसीत बीपीच्या गोळ्या फुकट असतात, बीपी नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला त्यात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांतलं आहे. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी आशाताई आणि उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमकडं आहेच. त्यांना आधी भेटा, तुमची वही त्यांच्या यादीला जोडा. गोळ्या कमी पडत असतील तर त्या वहीचा उपयोग तिथंच होतो, पन्नास नावं घेऊन ग्रामसभेत उभं राहिलं की तालुक्याला ऐकावं लागतं.

यश मोजायला पेपर घेऊ नका. सहा महिन्यांनी वहीतनं तीनच आकडे काढा, जास्त बीपीवाल्यांपैकी किती जणांचं परत मोजलं गेलं, किती जण गोळी घेतायत, आणि किती जणांचं १४०/९० च्या खाली आलं. पहिल्या वर्षी तिसरा आकडा छोटा असेल. फिनलंडमध्ये नॉर्थ करेलिया नावाचा भाग आहे, पुरुष तरणेताठे हार्टनं मरायचे, लोकांनीच सरकारकडं मागणी केली आणि १९७२ ला काम सुरू झालं, पेक्का पुस्का नावाचा अवघा विशीतला डॉक्टर प्रमुख. त्यांनी गृहिणींच्या मार्था नावाच्या संघटनेला धरलं, लोणी-मलईचा स्वयंपाक बदलला, सॉसेज बनवणाऱ्यांना चरबी कमी करायला लावली. चाळीस वर्षांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांचे हार्टचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त उतरले. त्यात पुढच्या काळातल्या चांगल्या औषधांचाही वाटा आहे, आणि १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या शहरांत असेच कार्यक्रम झाले तेव्हा शेजारच्या शहरांपेक्षा फार फरक दिसला नव्हता, हेही खरं. पण मला नॉर्थ करेलियातलं एक पटतं, ते एका गणपतीपुरते आले नव्हते, ते तिथंच राहिले.

आता तुमचे वडील. तुम्ही लिहिलंय, बीपी १६० च्या आसपास आहे, गोळी घ्यायची नाही म्हणतात कारण एकदा चालू केली की आयुष्यभर घ्यावी लागते. ही भीती गावात अर्ध्या लोकांना आहे आणि त्यात हट्ट कमी, काळजी जास्त असते. गोळी घेतली म्हणून बीपी चिकटत नाही, बीपी आहे म्हणून गोळी लागते, मीठ आणि वजन उतरलं तर काहींची गोळी डॉक्टर कमीही करतात, फक्त आपल्या मनानं बंद करायची नाही. पण हे तुम्ही त्यांना समजावू नका, पोरानं शिकवलेलं बापाला पटत नाही. एक मशीन आठ दिवस घरी आणा. सकाळी आणि रात्री, दोन-दोनदा, त्यांनी स्वतः मोजायचं आणि स्वतःच्या अक्षरात वहीत लिहायचं, तुम्ही लिहायचं नाही. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीची सरासरी काढा, घरी मोजलेलं १३५/८५ किंवा त्याच्या वर राहिलं तर ते जास्तच. आठव्या दिवशी त्यांना विचारा, आबा तुम्हाला काय वाटतं, आणि गप्प बसा. मग ती वही घेऊन सीएचओ मॅडमकडं सोबत जा, बाहेर गाडीवर थांबू नका, आत शेजारी बसा. तुम्ही तुमचं वय ३४ लिहिलंय, तिथं खुर्चीत बसल्यावर तुमचंही मोजून घ्या.